शत्रू कुठे मिळेल?

दिवाळीच्या किल्ल्यावर आजवर एकही लढाई झालेली नाही. तोफांची तोंडं दरीकडे वळवलेली असतात, मावळे बुरुजाबुरुजावर भाले रोखून उभे असतात, महाराज सिंहासनावर विराजमान असतात, तुतारीवाल्याने तुतारी तोंडाला लावलेली असते आणि वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत यातलं कुणीही जागचं हलत नाही. महाराष्ट्रातली पोरं पिढ्यानपिढ्या दर वर्षी सैन्य उभं करतात आणि एक वार न करता बरखास्त करून खोक्यात भरतात. इतकं शांतताप्रिय लष्कर दुसरीकडे कुठे सापडायचं नाही.

याचं कारण इतिहासात शोधायला जाऊ नये, ते बाजारात आहे. बाजारात शत्रूच मिळत नाही. दिवाळीच्या आधी पुण्यात कसब्यातल्या कुंभारवाड्यात चक्कर मारून बघा. बसलेले महाराज, घोड्यावरचे महाराज, भालेवाला, ढालवाला, मशालवाला, झालंच तर गवळण, वासुदेव, जात्यावर बसलेली बाई, विहीर, बैलगाडी, डरकाळी फोडणारा वाघ असं सगळं मांडून ठेवलेलं असतं. "शत्रूचे चार सैनिक द्या," असं म्हणून बघा. विक्रेता आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्यामागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे बघतो आणि त्याला विचारतो, "तुम्हाला काय पाहिजे?" प्रतापगडाच्या प्रसंगात एक अफजलखान मिळतो, नाही असं नाही. पण तो आधीच हरलेला असतो. त्याच्याशी नव्याने काय लढणार?

हे सगळं सुचायला कारण आमची मारुंजी. मारुंजी हे गाव मुळशी तालुक्यात आहे, ही गोष्ट इथल्या बऱ्याच रहिवाशांना वीजबिलाचा पत्ता वाचल्यावर कळते. एरवी आम्ही सगळे हिंजवडीतच राहतो. ज्या पौड मावळातून माणसं उठून स्वराज्याच्या कामाला गेली, तो हाच मुलूख. आता इथे मावळा ऑनलाइन मागवावा लागतो आणि तो पार्सलातून आला की गेटवर अडतो, कारण त्याचा ओटीपी सांगायला घरी कुणी फोन उचलत नाही.

त्याहून मोठा प्रश्न मातीचा. सोसायटीच्या चारी बाजूंनी बांधकामं चालली आहेत, दिवसभर मुरमाचे डंपर ये-जा करतात, धूळ तर चहात न बोलावता येते. पण आमच्या आवारात म्हणाल तर मूठभर माती नाही. बाग आहे, पण ती पार्किंगच्या स्लॅबवर आहे. तिथे खणायला गेलात तर तीन फुटांवर कुणाची तरी गाडी लागते. म्हणून किल्ल्याची माती नर्सरीतून गोणीने विकत आणायची. मग गेटवरून इंटरकॉम वाजतो.

"साहेब, माती आलीय."

"पाठवा की वर."

"नाही, ॲपमध्ये एंट्री करायला लागती. डिलिव्हरी टाकू का गेस्ट?"

माती गेस्ट म्हणून आत येते. गेस्टने किती दिवस राहावं, याचं परिपत्रक चेअरमनसाहेबांनी आधीच काढलेलं असतं. किल्ला चार बाय चार फुटांतच करावा, टाइलवर डाग पडू नयेत, दिवाळीनंतर आठ दिवसांत गड खाली करावा. एवढ्या मोजक्या शब्दांत तर पुरंदरचा तहही झाला नसेल.

स्पर्धा मुलांची असते, किल्ला बाप करतात, हे सांगायला नकोच. हळीव पेरून गवत उगवायचं एवढं काम मुलांकडे, कारण त्यात रोज पाणी घालायला लागतं. आमच्या तालुक्यात घनगड आहे, पण तो कुणी करत नाही. सगळ्यांना रायगड, राजगड नाहीतर सिंहगड पाहिजे. गेल्या वर्षी ए विंगने सिंहगड धरला. तो उभा राहिला, तानाजीचा कडा झाला, घोरपडीचा दोर बांधला आणि चौथ्या मजल्यावरचे सैन्यकाका खिशातून मेजर टेप काढत खाली आले.

सैन्यकाका हे त्यांचं मुलांनी ठेवलेलं नाव. काकांनी टेप लावली आणि मावळा मोजला. तीन इंच. "माणूस साडेपाच फुटी धरू. म्हणजे बावीस पट," काका म्हणाले, "सिंहगड पायथ्यापासून धरला तर साडेसातशे मीटर. भागिले बावीस. चौतीस मीटर. हा किल्ला अकरा मजली व्हायला हवा." सगळ्यांनी नकळत वर बघितलं. आमची इमारत बारा मजली आहे. मग काकांनी तोफ मोजली, ती चूक. बैलगाडी चूक. गवळणीने कमरेवर घेतलेल्या घागरीत एक मावळा बसला असता. शेवटी गुहेतला वाघ मोजला. साडेपाच इंच गुणिले बावीस, दहा फूट, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. अख्ख्या गडावर मापात बसला तो एकटा वाघ.

काकांच्या स्वतःच्या संग्रहातला सैनिक 28 मिलिमीटरचा असतो, साधारण तळव्यापासून डोळ्यापर्यंत. त्या मापात इसवी सनापूर्वीचं आणि त्यानंतरच्या थोड्या शतकांचं जग त्यांनी जमवलेलं आहे. फर्निचरवाल्याने क्रॉकरीसाठी म्हणून जे काचेचं कपाट करून दिलं, त्यात वरच्या कप्प्यात सिकंदराचे मॅसेडोनियन, मधल्या कप्प्यात पोरस हत्तींसकट, खाली रोमन आणि कार्थेजवाले शेजारी शेजारी. कपबशा बेडरूमच्या माळ्यावर. काकूंचं यावरचं मत कायम तेच असतं. "घरात सहाशे माणसं आहेत, पण कोथिंबीर आणायला एकजण उठत नाही."

या छंदाला जगात वॉरगेमिंग म्हणतात आणि तो चांगला प्रतिष्ठित आहे. प्रशियाच्या सैन्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अधिकाऱ्यांना शिकवायला म्हणून नकाशावर ठोकळे मांडून फाशांवर लढाया खेळायला लागले. पुढे एच. जी. वेल्स या विज्ञानकथावाल्या लेखकाने 1913 साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचं 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तकच लिहिलं. हा खेळ बारा ते दीडशे वर्षं वयाच्या मुलांसाठी आहे, असं त्याने मुखपृष्ठावरच जाहीर करून टाकलं. काका त्याप्रमाणे अजून बाल्यावस्थेत आहेत. आपणही यात मागे नव्हतो. हत्ती, घोडे, रथ, पायदळ असं चतुरंग सैन्य चौसष्ट घरांत बसवून आपण जगाला बुद्धिबळ दिलं. पण बुद्धिबळात हत्ती रंगवावा लागत नाही. इथेच सगळा फरक पडतो.

रंगवणं हे या छंदातलं नव्वद टक्के काम आणि लढणं उरलेलं. आधी सैनिक साबणाच्या पाण्याने धुवायचा, मग त्यावर प्रायमर फवारायचा. प्रायमर बाल्कनीतच मारावा लागतो आणि तो दमट हवेत मारला तर अंगावर पांढरी भुकटी धरते. मारुंजीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा सोडून काहीच कोरडं नसतं आणि हवाही नसते. त्यामुळे चार महिने भरती बंद. उरलेल्या महिन्यांत वारा प्रायमर उचलून खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साडीवर नेतो. त्यानंतर मूळ रंग, मग पातळ तपकिरी पाणी सोडून घड्यांत सावली आणायची, मग जवळजवळ कोरडा ब्रश फिरवून कडा उजळायच्या. आणि सगळ्यात शेवटी डोळा.

डोळा मी जवळून बघितला आहे. डोक्याला भिंग, टेबलावर दिवा, हातात तीन शून्यांचा ब्रश. काका श्वास रोखून पांढरा ठिपका ठेवतात, त्यात काळा ठिपका. काळा केसभर आत सरकला तर शिपाई तिरळा होतो, मधोमध बसला तर त्याला भूत दिसल्यासारखा होतो. मग परत कातडीचा रंग लावून डोळा पुसायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. अख्खी संध्याकाळ एका डोळ्यावर जाते. आणि इकडे कुंभारवाड्यातली बाई गप्पा मारत मारत, मावळा डाव्या हातात फिरवून उजव्या हाताने एका फटक्यात मिशी ओढते, की तो मावळा जन्मभर रुबाबात. काका तिचं काम एकदा उभं राहून बघून आले आणि नंतर आठवडाभर त्यांनी ब्रशला हात लावला नाही.

काकांचं खरं वेड म्हणजे सातवाहन. महाराष्ट्रात राहून रोमन काय रंगवायचे, असं त्यांना एका वाढदिवसाला वाटलं. रोमन शिपायाने पायात काय घालायचं, ढाल कशी धरायची, याची पुस्तकं मिळतात. सातवाहनांच्या पायदळाचं धोतर कुठल्या रंगाचं होतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मग काकांनी पुरावा गोळा करायचं ठरवलं. कार्ल्याला गेले. काकू एकवीरेच्या दर्शनाच्या रांगेत आणि काका शेजारच्या चैत्यगृहात. खांबांवर हत्ती पुष्कळ आहेत, पण त्यांवर जोडपी बसलेली आहेत. लढाईला निघालेला माणूस काही सपत्नीक हत्तीवर चढत नाही, तेव्हा तो पुरावा लष्करीदृष्ट्या बाद. मग भाजे लेणी. तिथे विहारात रथ आहे, हत्ती आहे, हत्यारबंद माणसं आहेत, डोक्यावर भली मोठी पागोटी आहेत. काका खूश झाले. पण त्या रथात सूर्य आणि हत्तीवर इंद्र आहे, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं. देवांची माणसं सातवाहनांच्या पगारपत्रकावर कशी घ्यायची? उरला नाणेघाट. तिथे लेण्यात सातवाहन राजघराण्याचे पुतळेच होते, वर नावंही कोरलेली आहेत. पण पुतळे गेले, पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. काका म्हणाले, "चला, पायापर्यंत रंगवता येईल."

त्यात एक गोष्ट मात्र त्यांना फार आवडली. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून घेतलेला. नहपानाला हरवलं, तिजोरी हाती आली, नवीन नाणी कशाला पाडा? आहे त्यावरच शिक्का. काकांनी दिल्लीच्या कुणाकडून तरी वापरलेलं ग्रीक घोडदळ स्वस्तात घेतलं होतं. त्यावर त्यांनी त्याच रात्री प्रायमर मारला आणि सकाळी ते सातवाहनांच्या सेवेत रुजू झालं. "गौतमीपुत्राने हेच केलं," असं काकूंना सांगितलंही. काकूंनी विचारलं, "त्याच्या घरी कोथिंबीर कोण आणायचं?"

लढाई रविवारी होते. वाकडहून एक मित्र येतात, तेही निवृत्तीला आलेले. दोघे एकमेकांना 'सर' म्हणतात. डायनिंग टेबलावर हिरवी चादर पडते आणि नियमपुस्तक उघडलं जातं. काकांच्या आवडीचं पुस्तक 1990 सालचं आहे आणि त्यात दोन्हीकडे बारा-बाराच तुकड्या असतात, कारण तासाभरात लढाई संपावी असा लिहिणाऱ्याचा हेतू होता. तो मारुंजीत कधी सफल झालेला नाही. फासा टाकायचा आणि जितके ठिपके पडतील तितक्याच हालचाली करायच्या, असा नियम. एक पडला तर सेनापतीला एकच हुकूम देता येतो, बाकी सैन्य उभं. आमच्या चेअरमनसाहेबांना हा नियम लागू असता तर किती बरं झालं असतं. त्यानंतर अंतर मोजायचं. टेप काढली जाते, चष्मे बदलले जातात.

"सर, तुमचा हत्ती पोचत नाही. दोन मिलिमीटर कमी आहे."

"सोंड पोचतेय ना!"

"सोंड धरत नाहीत सर. बेस धरतात."

हत्ती हा या खेळातला सगळ्यात देखणा आणि सगळ्यात बेभरवशाचा नग. इसवी सनपूर्व 326 मध्ये झेलमच्या काठी पोरसाचे हत्ती सिकंदराच्या भाल्यांपुढे बिथरले आणि मागे फिरून त्यांनी आपलीच माणसं तुडवली. खेळ करणाऱ्यांनी ते विसरायचं नाही असं ठरवलेलं आहे. बऱ्याच नियमावल्यांत हत्ती मागे हटला की मागचा तुमचाच माणूस गेला. काकांनी प्रत्येक हत्तीवर दीड-दोन महिने खर्च केलेले असतात, झुलीवरची नक्षी भिंगाखाली काढलेली असते, म्हणून ते हत्ती सैन्याच्या अगदी मधोमध, सगळ्यांना दिसतील असे ठेवतात. फासा वाईट पडतो. हत्ती देखणेपणाने मागे फिरतात आणि सातवाहनांचं पायदळ संपवून कपबशीच्या जुन्या जागी परत जातात. वाकडचे सर चहा पिऊन निघतात.

तर टेप गुंडाळून काका निघाले, तेवढ्यात ए विंगच्या एका पोराने विचारलं, "काका, तुमच्याकडे शत्रू आहे का?"

हा प्रश्न आयुष्यात त्यांना प्रथमच कुणीतरी मनापासून विचारला असावा. रंगवलेले देणं शक्यच नव्हतं. पण या छंदातल्या प्रत्येक माणसाकडे न रंगवलेल्यांचा एक डोंगर असतो, पलंगाखाली, घरच्यांपासून लपवून ठेवलेला. त्यातून साठ मॅसेडोनियन निघाले. मुलांनी ते तासाभरात रंगवून टाकले, कॅमलचे रंग, एकच ब्रश, डोळे वगैरे काही नाहीत. काका तेवढा वेळ दुसरीकडे बघत होते. मग त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला. "अरे, सिकंदर आणि महाराज यांच्यात जवळजवळ दोन हजार वर्षांचं अंतर आहे."

"मग ते दमले असतील. सोपं जाईल."

यावर काकांना बोलता येईना, कारण बाहेरच्या खुल्या स्पर्धांमध्येही प्राचीन इजिप्तचे रथ मध्ययुगातल्या सरदारांवर धावून जातात आणि कुणी कॅलेंडर मागत नाही.

नियम मुलांनी वहीच्या पाठच्या पानावर लिहिले. मावळा मोठा म्हणून तो सहा गनिमांना भारी. कड्यावरून चढायला दोन फासे. वाघ कुणाच्याच बाजूचा नाही, सहा पडले की तो बाहेर येतो. महाराजांवर फासा टाकायचा नाही, हा नियम एकमताने. ज्याला आईने हाक मारली त्याची पाळी गेली, हाही एकमताने. अडचण एकच आली. शत्रू व्हायला कुणी तयार होईना. शेवटी बी विंगमधली चौथीतली एक मुलगी म्हणाली, "द्या मला." आमच्या सोसायटीत स्टेट बोर्डाची ती एकटी.

तिने तासाभरात पुणे दरवाजा घेतला. कल्याण दरवाजाला वाघ आडवा आला, तोही फाशाने परत गुहेत गेला. ए विंगचे दोन शूर वीर आईच्या हाकेने कामी आले. अंधार पडता पडता सिंहगड पडला.

मग खरी लढाई सुरू झाली, ती पालकांची. दिवाळीत किल्ला पडतो म्हणजे काय? मुलांवर काय संस्कार? चेअरमनसाहेबांनी परिपत्रक चाळलं, पण त्यात गड हरण्याविषयी कलम नव्हतं. ती मुलगी सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले दिलेच होते ना? सिंहगडपण त्यातच होता. 1665. मग 1670 मध्ये परत घेतला. आम्हाला उद्या परत घ्यायचा आहे, तर तुम्ही आत्ताच भांडताय."

दुसऱ्या दिवशी तानाजीच्या कड्यावरून गड परत आला. या खेपेला बाजू बदलून मावळे तिच्याकडे होते. परीक्षकांच्या तक्त्यात सजावट, स्वच्छता आणि माहितीफलक असे तीनच रकाने होते, लढाईचा नव्हता, म्हणून ए विंगला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिला नंबर सी विंगच्या तयार प्लॅस्टरच्या रायगडाला. तो खोक्यातून काढून तसाच ठेवला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण मुलांना साडेतीनशे वर्षांपूर्वीचं सैन्य देतो, पण त्यांच्यासमोर कुणी देत नाही. गड घेताना आणि गड राखताना काय पणाला लागत होतं, हे उभ्या असलेल्या सैन्याला बघून कळत नाही. गड हातचा गेला आणि पुन्हा मिळवावा लागला की कळतं. तेव्हा यंदा कुंभारवाड्यात गेलात की महाराज घ्या, मावळे घ्या, वाघ तर घ्याच, आणि जाता जाता "शत्रू आहे का?" असंही विचारा. या वर्षी मिळणार नाही. पण चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पुढच्या वर्षी ती बाई एका फटक्यात त्याचीही मिशी ओढेल. फासे घरात असतातच. नियम आधी लिहून घ्या, पालकांना दोन तास लांब ठेवा आणि हत्ती असलेच तर ते कडेला ठेवा, मधोमध नको.